रेपो जड होऊ नये म्हणून: बायनरी फाइल्स आणि बाहेरच्या लायब्रऱ्या गिटमध्ये कशा सांभाळायच्या

गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्याचे रेपो (प्रोजेक्टचे साठे) ठेवायच्या गिटहब या साइटवर ५० एमबीच्या वरची फाइल पुश केली, म्हणजे चढवली, की इशारा येतो आणि १०० एमबी ओलांडले की पुश नाकारला जातो. बऱ्याच टीम्सना बायनरी फाइल्सचा (चित्रं, आवाज, झिप अशा मजकूर नसलेल्या फाइल्सचा) विषय पहिल्यांदा कळतो तो या मेसेजमुळे. पण जास्त त्रास देतात त्या मधल्या आकाराच्या, सारख्या बदलणाऱ्या फाइल्स. आठ एमबीचं चित्र चाळीस वेळा सुधारून कमिट केलं, म्हणजे हिस्टरीत नोंदवलं, की ३२० एमबी झाले. अशी बारा चित्रं असतील तर ३,८४० एमबी. यातली एकही फाइल मर्यादेच्या जवळ गेली नाही, कुठे इशारा आला नाही, आणि नवीन माणूस क्लोन (अख्ख्या रेपोची प्रत) लावून जेवून आला तरी टक्केवारी जागची हललेली नसते.

पुढचं सगळं एका नमुन्यावर बोलू. समजा गोरेगावात पाच-सहा जणांचं ऑफिस आहे आणि ते मुलांसाठी मराठी गोष्टींचं ॲप करतात. अँड्रॉइडचा कोड आहे, सर्व्हर नोडमध्ये आहे. चित्रकार डोंबिवलीला घरून फोटोशॉपमध्ये पानं रंगवते. गोष्टींचं वाचन दादरच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड होतं. आणि पैसे घेण्यासाठी बँकेने एक एसडीके (ॲपमध्ये जोडायची तयार लायब्ररी) मेलवर झिप करून पाठवला आहे. म्हणजे रेपोत येऊ शकणाऱ्या जवळजवळ सगळ्या प्रकारच्या बायनरी इथे हजर आहेत.

(कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थात रोमन लिपीतच टाइप करायच्या.)

आधी वजन करा

काहीही बदलायच्या आधी रेपो किती जड आहे आणि कशामुळे, ते बघा. अंदाजाने काम सुरू केलं की लोक हमखास चुकीच्या फोल्डरच्या मागे लागतात.

गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्हीएच

यातली ‘साइज-पॅक’ची ओळ म्हणजे हिस्टरीचं एकूण वजन. ते कुठून आलं हे बघायला गिट फिल्टर-रेपो नावाचं पायथॉनमधलं साधन घ्या. गिटबरोबर ते येत नाही, वेगळं इन्स्टॉल करावं लागतं.

गिट फिल्टर-रेपो --ॲनलाइझ

ही कमांड काही बदलत नाही, फक्त अहवाल बनवते. ‘डॉट गिट’ फोल्डरच्या आत फिल्टर-रेपो, त्याच्या आत ॲनालिसिस, तिथे याद्या मिळतील. मी सगळ्यात आधी डिलीट झालेल्या फाइल्सची यादी उघडतो. कुणीतरी कधीतरी डेमोचा व्हिडिओ टाकलेला असतो, दुसऱ्या दिवशी लाजून काढलेला असतो, आणि तो अजून प्रत्येकाच्या लॅपटॉपवर बसलेला असतो. गिटमधून फाइल डिलीट करणं म्हणजे ती हॉलमधून उचलून माळ्यावर टाकणं. दिसेनाशी होते, पण घराबाहेर गेलेली नसते.

हे असं का होतं ते थोडं समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे जातात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलच्या सोर्स कोडसाठी, म्हणजे निव्वळ मजकुरासाठी. फाइलचं प्रत्येक व्हर्जन गिट पूर्ण साठवतं आणि नंतर पॅक करताना सारख्या व्हर्जन्समधला फक्त फरक ठेवतं. मजकुरात दोन ओळी बदलल्या तर फरक दोन ओळींचाच निघतो. जेपीजी, एमपी३, झिप, एपीके या मुळातच दाबून भरलेल्या फाइल्स. कोपऱ्यातला एक ढग हलवला तरी आतले बाइट्स पार बदलतात, फरक काढण्यासारखं काही उरत नाही आणि नवीन व्हर्जन जवळजवळ पूर्ण वजनाने जमा होतं. वर, क्लोन करताना सगळी हिस्टरी येते. सबव्हर्जन या जुन्या साधनात चेकआउट करताना फक्त शेवटचं व्हर्जन खाली यायचं, त्यामुळे हा भार सर्व्हरच्या माथी असायचा. गिटमध्ये तो प्रत्येकाच्या डिस्कवर आणि डेटा पॅकवर पडतो. शिवाय सीआय (आपोआप बिल्ड आणि तपासणी करणारी यंत्रणा) प्रत्येक बिल्डला पुन्हा क्लोन करतं ते वेगळंच.

प्रत्येक फाइलला एकच प्रश्न विचारा

फाइल बायनरी आहे की मजकूर, मोठी आहे की लहान, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा: ही फाइल उद्या हरवली तर ती पुन्हा कुठून मिळेल?

आपल्याच कोडमधून पुन्हा बनवता येत असेल, तर ती रेपोत नको. पॅकेज मॅनेजर (एनपीएमसारखं लायब्रऱ्या उतरवून देणारं साधन) ती पुन्हा आणून देत असेल, तर तिचं नेमकं व्हर्जन रेपोत हवं, ती स्वतः नको. एखाद्या कंपनीला मेल करून मागावी लागणार असेल, तर ती आपल्या ताब्यात कुठेतरी नीट ठेवायला हवी. आणि कुठूनच मिळणार नसेल, कारण ती आपल्या माणसाने हाताने केली आहे, तर ती जिवापाड जपायची. तिच्यासाठीच गिट एलएफएस (मोठ्या फाइल्स वेगळ्या साठवणारी गिटची जोड) आणि बाकीची खटपट. या क्रमानेच पुढे जाऊ.

जे बनवता येतं ते बाहेर

एपीके, एएबी (अँड्रॉइड ॲपच्या तयार फाइल्स), बिल्ड आणि डिस्ट फोल्डर, डॉट क्लास, डॉट पीवायसी हे सगळं ‘डॉट गिटइग्नोर’मध्ये घाला. मात्र आधीच कमिट झालेल्या फाइलला गिटइग्नोर लागू होत नाही, इथे पुष्कळ जण अडकतात. आधी तिला गिटच्या नोंदीतून काढावं लागतं:

गिट आरएम -आर --कॅश्ड बिल्ड

तुमच्या डिस्कवरचा फोल्डर याने जात नाही. पण हा कमिट दुसऱ्याने पुल केला की त्याच्याकडचा फोल्डर उडतो. बिल्ड फोल्डर उडाला तर काही बिघडत नाही, पुन्हा बनेल. लोकल सेटिंगची फाइल अशी काढणार असाल तर आधी ग्रुपवर सांगा, नाहीतर सकाळी सकाळी फोन येतील.

नियम लागतोय की नाही कळत नसेल तर ‘गिट चेक-इग्नोर -व्ही’ आणि पुढे फाइलचं नाव द्या. कुठल्या फाइलमधल्या कुठल्या ओळीमुळे ती वगळली गेली ते दिसतं. मॅकवरच्या ‘डीएस-स्टोअर’सारखा कचरा प्रत्येक रेपोत लिहीत बसू नका. ‘कोअर डॉट एक्सक्लूड्सफाइल’ हे सेटिंग आपापल्या मशीनवर एकदा करून टाका.

रिलीज केलेली एपीके जपून ठेवायची असते हे मान्य. तिची जागा गिटहबच्या किंवा गिटलॅबच्या रिलीज पानावर, त्याच टॅगला (व्हर्जनच्या खुणेला) जोडून. गिटहबवर रिलीजला जोडलेली एकेक फाइल २ जीबीच्या आत असली की चालते आणि क्लोनच्या वजनात तिची भर पडत नाही.

इथे एक अपवाद आहे आणि तो ठळक सांगायला हवा. अँड्रॉइड प्रोजेक्टमध्ये ‘ग्रेडल-रॅपर डॉट जार’ ही छोटीशी बायनरी रेपोत असायलाच हवी. ग्रेडल हे ॲप बिल्ड करणारं साधन. त्याचं ठरलेलं व्हर्जन ती आणते, त्यामुळे नव्या मशीनवर आधी ग्रेडल इन्स्टॉल करावं लागत नाही. कुणीतरी उत्साहाने गिटइग्नोरमध्ये ‘*.जार’ लिहितो आणि नवीन माणसाकडे बिल्डच सुरू होत नाही. त्या ओळीखाली उद्गारचिन्ह लावून या एका फाइलला सूट द्या. (तिचा वरचा फोल्डरच वगळलेला असेल तर ही सूट चालत नाही, गिट त्या फोल्डरच्या आत बघतच नाही.) ही जार प्रत्येकाच्या मशीनवर चालते, म्हणून एखाद्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत) ती बदललेली दिसली तर डोळे उघडे ठेवा. ग्रेडल आपल्या प्रत्येक व्हर्जनच्या रॅपरचा चेकसम (फाइलच्या बाइट्सवरून काढलेला ठसा, यालाच हॅशही म्हणतात) प्रसिद्ध करतं आणि तो आपोआप पडताळणारी त्यांची गिटहब ॲक्शनही आहे. ती लावून टाका.

पॅकेज मॅनेजरच्या लायब्रऱ्या: लॉक फाइल कमिट करा, फोल्डर नको

नोड-मॉड्यूल्स फोल्डर रेपोत नको हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. हजारो फाइल्स हे त्याचं एक कारण. दुसरं असं की त्यातली काही पॅकेजेस इन्स्टॉल होताना त्या त्या मशीनसाठी कंपाइल होतात. एम सिरीजच्या मॅकवर बनलेली बायनरी लिनक्स सर्व्हरवर चालणार नाही.

त्याच्या जागी जी फाइल कमिट करायची तिच्याबद्दल मात्र अजून ढिलाई दिसते. पॅकेज-लॉक डॉट जेसन २०१७ मध्ये एनपीएम ५ बरोबर आली. पॅकेज डॉट जेसनमध्ये ‘^४.१७.१’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ४.१७.१ पासून ५ च्या खालचं काहीही चालेल. म्हणजे गोरेगावात आज इन्स्टॉल केलेलं आणि महिन्याभराने सर्व्हरवर इन्स्टॉल झालेलं सारखं असेल याची खात्री नाही. लॉक फाइल नेमकं व्हर्जन आणि त्याचा हॅश दोन्ही लिहून ठेवते. पीएचपीत कंपोजर डॉट लॉक, रस्टमध्ये कार्गो डॉट लॉक, पायथॉनमध्ये पोएट्री डॉट लॉक यांचं काम तेच. ॲप बनवत असाल तर ही फाइल कमिट करायचीच, यावर वाद नको.

सीआयवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा. ती जुना नोड-मॉड्यूल्स पुसते, लॉकमध्ये आहे तेच आणते आणि लॉक व पॅकेज डॉट जेसन जुळत नसतील तर सरळ फेल होते. लॉक फाइलमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट आला तर हाताने सोडवत बसू नका. आधी पॅकेज डॉट जेसनमधला कॉन्फ्लिक्ट मिटवा, मग ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवा, लॉक ती स्वतः नीट करते.

पायथॉनवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. पिप फ्रीझने व्हर्जन पक्कं होतं, पण हॅश लिहिला जात नाही. पिप-टूल्सच्या ‘पिप-कंपाइल --जनरेट-हॅशेस’ने रिक्वायरमेंट्सची फाइल बनवा, म्हणजे इन्स्टॉल करताना प्रत्येक पॅकेज पडताळलं जातं. ग्रेडलमध्ये व्हर्जनच्या जागी ‘+’ लिहिणं थांबवा, आणि जमलं तर ‘--राइट-व्हेरिफिकेशन-मेटाडेटा’ चालवून चेकसमची फाइल रेपोत ठेवा.

आता नेहमीचा सवाल: पॅकेज रजिस्ट्रीच बंद पडली तर? भीती खोटी नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि त्यावर कुठेतरी खोलवर अवलंबून असलेले जगभरचे बिल्ड धडाधड पडले. त्यानंतर एनपीएमने पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये जेफ्रॉगने जेसेंटर हे लायब्रऱ्यांचं भांडार गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अँड्रॉइडवाल्यांना आपल्या लायब्रऱ्या मेव्हन सेंट्रलवर आहेत का ते एकेक करून शोधावं लागलं होतं.

यावर लायब्रऱ्या रेपोत कोंबण्यापेक्षा मध्ये एक प्रॉक्सी (पॅकेजेसची प्रत ठेवणारा मधला सर्व्हर) बसवणं बरं. नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी सगळ्या भाषांना चालतात. फक्त एनपीएमपुरतं हवं असेल तर व्हर्डाशिओ फुकट आहे आणि ऑफिसातल्या जुन्या पीसीवरही चालतं. एकदा मागितलेलं पॅकेज तिथे राहतं, वर काहीही होवो. डिस्कचा बॅकअप तेवढा घ्या.

कोड रेपोतच आणून ठेवण्याला माझा सरसकट विरोध नाही. गो भाषेत ‘गो मॉड व्हेंडर’ने जे येतं तो मजकूर असतो, वाचता येतो, त्यातला फरक दिसतो. सीमध्ये दोन-चार फाइल्सची लायब्ररी असेल तर तीही खुशाल आत घ्या. दोन पथ्यं पाळा: बाहेरचा कोड वेगळ्या फोल्डरमध्ये असू द्या, आणि त्याचं अपडेट वेगळ्या कमिटमध्ये. आपल्या चार ओळी आणि त्यांच्या चार हजार ओळी एका पुल रिक्वेस्टमध्ये आल्या की आपल्या चार ओळी कुणी वाचत नाही.

सबमॉड्यूलचा सल्ला कुणीतरी देईलच. त्यात मुख्य रेपोत दुसऱ्या रेपोच्या एका कमिटचा फक्त हॅश साठवला जातो. ‘--रिकर्स-सबमॉड्यूल्स’ न लावता क्लोन केलं की फोल्डर रिकामा. आतल्या रेपोचा कमिट पुश करायला विसरून बाहेरचा पुश केला की बाकी सगळ्यांचं बिल्ड तुटलं. (‘पुश डॉट रिकर्ससबमॉड्यूल्स’ला ‘चेक’ दिलं तर गिट स्वतःच अडवतं.) पॅकेज मॅनेजर उपलब्ध असेल तर मी सबमॉड्यूलच्या वाटेला जात नाही.

मेलवर आलेला एसडीके

आपल्याकडे हा प्रकार फार चालतो आणि इंग्रजी ट्यूटोरियल्समध्ये त्यावर सहसा दोन ओळीही नसतात. बँकेकडून किंवा पेमेंटवाल्यांकडून मेल येतो, सोबत ‘एसडीके_फायनल_न्यू२’ अशा नावाची झिप. आत एक एएआर (अँड्रॉइड लायब्ररीची फाइल), एक पीडीएफ. कुणीतरी एएआर उचलून लिब्स फोल्डरमध्ये टाकतो आणि विषय संपतो. दोन वर्षांनी ती कुठलं व्हर्जन आहे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मेल ज्याला आला होता तो नोकरी सोडून गेलेला असतो.

फाइल आल्या आल्या एवढं करा. झिपचा एसएचए-२५६ हॅश काढा (मॅकवर ‘शासम -ए २५६’, लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’). पाठवणाऱ्याकडून व्हर्जन नंबर लेखी मागा. त्यांच्याकडे नसेल तर तारखेवरून आपण द्या आणि फाइलच्या नावातच घाला. मग ती खासगी मेव्हन रेपॉझिटरीत पब्लिश करा: गिटहब पॅकेजेस, गिटलॅबची पॅकेज रजिस्ट्री, किंवा वर बसवलेला नेक्सस. त्यानंतर ग्रेडलमध्ये ती इतर लायब्ररीसारखी एका ओळीत लिहिता येते.

पब्लिश करण्याचा दुसरा फायदा लगेच दिसतो. एएआर नुसती फोल्डरमध्ये टाकली तर तिला स्वतःला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची माहिती तिच्याबरोबर येत नाही. कंपाइल होतं, आणि ‘पैसे भरा’ दाबलं की ॲप ‘क्लास सापडला नाही’ म्हणून कोसळतं. पब्लिश करताना पॉम फाइलमध्ये (मेव्हनच्या माहितीच्या फाइलमध्ये) ही यादी पीडीएफ बघून एकदा लिहून ठेवली की पुढे कुणाला ते शोधायला लागत नाही.

सर्व्हर नसेलच, तर ‘थर्ड-पार्टी’ फोल्डर करून फाइल रेपोत ठेवा. या प्रकारात मला त्यात गैर वाटत नाही, कारण ती पुन्हा मिळेल याची शाश्वती नाही. पण शेजारी एक रीडमी हवीच: कुठून आली, कधी, व्हर्जन, हॅश, लायसन्स, आणि पुढचं व्हर्जन कुणाकडे मागायचं त्या विभागाचं नाव. करारात पुनर्वितरणाला मनाई असेल तर पब्लिक रेपोत ती टाकता येणार नाही, तेवढं वाचून घ्या.

ही नोंद का लागते ते डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्यांना कळलं. लॉग४जे या जावा लायब्ररीतलं लॉग४शेल नावाचं भगदाड (सीव्हीई-२०२१-४४२२८) उघड झालं आणि प्रत्येक मॅनेजर एकच विचारत होता: आपल्याकडे लॉग४जे कुठे कुठे आहे? डिपेंडन्सी मेव्हनमध्ये लिहिलेल्या असतील तर ‘डिपेंडन्सी:ट्री’ चालवून उत्तर मिळत होतं. लिब्स फोल्डरमध्ये नाव बदलून पडलेल्या जारचं उत्तर त्यात येत नाही. धोकादायक लायब्रऱ्या दाखवून देणारा गिटहबचा डिपेंडाबॉटही मॅनिफेस्ट (पॅकेज डॉट जेसनसारख्या याद्या) आणि लॉक फाइल्सच वाचतो, नुसती पडलेली जार त्याला दिसत नाही.

हाताने केलेल्या फाइल्स

लहान आणि क्वचित बदलणाऱ्या असतील तर सरळ गिटमध्ये ठेवा, एलएफएसची गरज नाही. आयकॉन एसव्हीजीत असतील तर तो मजकूरच आहे. फॉन्टही लहान आणि क्वचित बदलणारे. आपल्या ॲपमध्ये ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट वापरला आहे असं धरू. तो मुंबईतल्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला, एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळणारा. वर्षानुवर्षं ती फाइल बदलणार नाही. गिटमध्ये ठेवा आणि लायसन्सची मजकूर फाइल तिच्या शेजारीच ठेवा, ती बरोबर देणं ही त्या लायसन्सची अट आहे.

फोटोशॉपच्या पानांचं (पीएसडी फाइल्सचं) मात्र तसं नाही. त्यांच्यासाठी गिट एलएफएस. गिटहबने २०१५ मध्ये ते आणलं, आज गिटलॅब आणि बिटबकेटवरही चालतं. खरी फाइल वेगळ्या साठ्यात जाते आणि गिटमध्ये तिच्या जागी तीन ओळींची चिठ्ठी राहते: एलएफएसच्या नियमांचं व्हर्जन, खऱ्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश आणि तिचा आकार. प्रत्येकाने आपल्या मशीनवर एकदा

गिट एलएफएस इन्स्टॉल

आणि रेपोत एकाने

गिट एलएफएस ट्रॅक "*.पीएसडी" --लॉकेबल

अवतरण चिन्हं विसरू नका. ती नसली तर शेल त्या ताऱ्याच्या जागी समोर असलेल्या फाइल्सची नावं घालतं आणि उद्या आलेली नवीन पीएसडी सुटून जाते. या कमांडने ‘डॉट गिटॲट्रिब्यूट्स’ फाइल बनते किंवा बदलते. ती आधी कमिट करा, चित्रं नंतर. क्रम उलटला तर चित्रं साध्या गिटमध्ये जाऊन बसतात. ‘गिट एलएफएस एलएस-फाइल्स’ने खात्री करून घ्या. लिनक्सवर मोठी आणि छोटी अक्षरं वेगळी धरली जातात, म्हणून कॅमेऱ्यातून मोठ्या अक्षरांत एक्स्टेन्शन घेऊन येणाऱ्या जेपीजींसाठी वेगळी ओळ लागते.

चित्रकाराचा फोन आला की ‘अरे, फोटोशॉप म्हणतंय फाइल खराब आहे’, तर आधी फाइलचा आकार विचारा. साधारण १३० बाइट असेल तर तिच्याकडे खरी फाइल न येता ती चिठ्ठीच आली आहे. एलएफएस इन्स्टॉल करून ‘गिट एलएफएस पुल’ चालवलं की काम होतं.

‘लॉकेबल’ कशासाठी ते सांगतो. कोड मर्ज होतो, चित्र होत नाही. दोघांनी एकाच वेळी पान सात रंगवलं तर एकाचं काम फेकून द्यावं लागणार. लॉकेबल केलेली फाइल डिस्कवर रीड-ओन्ली राहते, ‘गिट एलएफएस लॉक’ आणि फाइलचा पाथ दिल्यावरच तिच्यात लिहिता येतं. मग ग्रुपवर अशी चर्चा चालते:

‘अगं, पान सात तुझ्याकडे लॉक दिसतंय. झालंय का?’

‘हो रे, काल रात्रीच पुश केलं. अनलॉक राहिलं. थांब, सोडते.’

ती गावाला गेली असेल आणि फोन लागत नसेल तर ज्याच्याकडे रेपोचे अधिकार आहेत तो ‘अनलॉक --फोर्स’ करू शकतो. ते विचारून करावं, चोरून नाही.

सीआयकडे वेगळं लक्ष द्या. गिटहबची चेकआउट ॲक्शन आपण ‘एलएफएस: ट्रू’ लिहीपर्यंत फक्त चिठ्ठ्याच आणते. आणि ते लिहिलं की प्रत्येक बिल्डला सगळी चित्रं खाली येतात आणि त्याची मोजणी आपल्या बँडविड्थच्या कोट्यात होते. ॲपला पीएसडी लागतच नाहीत, त्यातून काढलेली वेबपी चित्रं लागतात. म्हणून पीएसडीचा फोल्डर वेगळा ठेवा आणि सीआयवर ‘गिट एलएफएस पुल --इन्क्लूड’ने हवा तेवढाच भाग आणा. पश्चिम रेल्वेवर हॉटस्पॉट लावून काम करणाऱ्यांनी ‘गिट_एलएफएस_स्किप_स्मज’ हा व्हेरिएबल १ करून क्लोन करावं. चिठ्ठ्या येतील, खऱ्या फाइल्स नंतर ऑफिसच्या वायफायवर आणता येतील.

दादरच्या स्टुडिओतलं कच्चं रेकॉर्डिंग एलएफएसमध्येही घालू नका. डब्ल्यूएव्हीचे ते ढीग जीबीत मोजावे लागतात आणि ते कुणी रोज उघडत नाही. ऑब्जेक्ट स्टोरेजवर (इंटरनेटवरच्या भाड्याच्या फाइल साठ्यात) ठेवा. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, अपलोड लांब जायला नको. गिटमध्ये फक्त एक मजकूर फाइल: पाथ, हॅश, आकार. हेच काम नीटनेटकं करून देणारं डीव्हीसी नावाचं साधन आहे, मशीन लर्निंगवाले ते डेटासाठी वापरतात. आणि ज्यांच्या कामात बायनरीच जास्त आणि कोड कमी, म्हणजे गेम किंवा व्हीएफएक्स स्टुडिओ, त्यांनी गिटच्या मागे लागण्याआधी परफोर्स हे गिटसारखंच दुसरं साधन बघावं. फाइल एका वेळी एकाच्याच हातात देण्याची सोय त्यात आहे.

वर्डच्या फाइल्स रेपोत असतीलच तर गिटॲट्रिब्यूट्समध्ये त्यांना ‘डिफ=वर्ड’ लावा आणि ‘डिफ डॉट वर्ड डॉट टेक्स्टकॉन्व्ह’ला पॅनडॉक जोडा. डिफमध्ये मजकूर दिसू लागतो.

रिव्ह्यूमध्ये बायनरी आली की

कोड रिव्ह्यूमध्ये बायनरी फाइल बदललेली दिसली की बहुतेक जण ती न उघडता पुढे जातात. मार्च २०२४ मध्ये उघड झालेलं एक्सझेड या फाइल्स दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण नेमकं याच सवयीवर उभं होतं. ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जन्समध्ये बॅकडोअर (चोरदरवाजा) होतं आणि त्याचा मुख्य भाग ‘टेस्टसाठीच्या कॉम्प्रेस्ड फाइल्स’ म्हणून रेपोत उघडपणे कमिट केलेला होता. खराब कॉम्प्रेस्ड फाइल वाचता येते का हे तपासायला खराब फाइल लागणारच, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं आणि ते मागे लागले म्हणून ते सापडलं.

आपल्या टीममध्ये नियम साधा ठेवा: बायनरी असलेल्या पुल रिक्वेस्टच्या वर्णनात ती कशी बनवली ते लिहायचं. स्क्रिप्टने बनत असेल तर स्क्रिप्ट कमिट करायची आणि फाइल सीआयवर बनवायची.

चुकून आत येणाऱ्या फाइल्सना दारातच अडवायला प्री-कमिट या साधनात ‘चेक-ॲडेड-लार्ज-फाइल्स’ नावाचा हुक (कमिटच्या आधी आपोआप चालणारी तपासणी) आहे. सेटिंग न बदलता तो ५०० केबीच्या वरची फाइल थांबवतो. ‘--नो-व्हेरिफाय’ लावून हुक चुकवता येतो, म्हणून तीच तपासणी सीआयवरही लावा.

हिस्टरी साफ करायची का?

माझं मत: बहुतेक टीम्सना गरज नसते. वरचं सगळं केलं की वाढ थांबते. उरलेल्या वजनासाठी आधी हे वापरून बघा:

गिट क्लोन --फिल्टर=ब्लॉब:नन

सगळे कमिट येतात, फाइल्सचा मजकूर लागेल तसा येतो. सीआयवर ‘--डेप्थ १’ पुरतं. दोन्हीत हिस्टरीला हात लागत नाही.

तरीही करायचंच असेल तर सगळ्यांच्या सोयीचा दिवस ठरवा. त्याआधी सगळ्या पुल रिक्वेस्ट मर्ज किंवा बंद झालेल्या हव्यात, सगळ्यांचं काम पुश झालेलं हवं. ‘गिट क्लोन --मिरर’ने पूर्ण प्रत घेऊन बाहेरच्या डिस्कवर ठेवा. मग ताज्या क्लोनमध्ये, पीएसडी जपून एलएफएसमध्ये हलवायच्या असतील तर

गिट एलएफएस मायग्रेट इंपोर्ट --एव्हरीथिंग --इन्क्लूड="*.पीएसडी"

आणि नको असलेलं कायमचं काढायचं असेल तर

गिट फिल्टर-रेपो --स्ट्रिप-ब्लॉब्स-बिगर-दॅन २०एम

फिल्टर-रेपो काम झाल्यावर ओरिजिन रिमोट मुद्दाम काढून टाकतं, घाबरू नका, तपासून झाल्यावर पुन्हा जोडा आणि फोर्स पुश करा. सगळ्या कमिटचे हॅश बदलतात, म्हणून तिकिटांमधल्या जुन्या लिंक तुटतात आणि सही केलेल्या टॅगच्या सह्या बाद होतात.

त्यानंतर प्रत्येकाने जुना फोल्डर बाजूला ठेवून नव्याने क्लोन करायचं. पुल नाही, क्लोन. एकाने जरी जुन्या क्लोनमध्ये पुल करून मर्ज केलं आणि पुश केलं तरी जुनी हिस्टरी सगळीच्या सगळी परत येते. म्हणून पहिले काही दिवस मेन ब्रँचवर थेट पुश बंद ठेवा आणि ‘साइज-पॅक’ बघत राहा.

हिस्टरीत किस्टोअर (ॲपवर सही करायच्या किल्लीची फाइल) किंवा पासवर्ड सापडला असेल तर पुसून भागत नाही. फोर्क्समध्ये, जुन्या क्लोन्समध्ये आणि गिटहबच्या पुल रिक्वेस्टच्या नोंदींत तो राहतो. पासवर्ड त्याच दिवशी बदला. प्ले ॲप साइनिंग वापरत असाल तर अपलोड की रिसेट करायची विनंती प्ले कन्सोलमधून करता येते. गिटहबवरच्या नोंदी साफ करण्यासाठी त्यांच्या सपोर्टला वेगळं लिहावं लागतं.